धमकीच्या सुरातलं पान

बेलापूर,
१२ जानेवारी

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामांचा केडगावचा पत्ता ऑफिसच्या रजिस्टरातून उतरवून घेतला. वडिलांनी तुझा फोन काढून घेऊन तुला तिकडे धाडल्याचं वर्गात कळलं, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. आजकाल पत्र लिहितं कोण? बारावीच्या पेपरात आपण लिहितो तेवढंच, तेही मार्कांसाठी. हे पत्र बिनमार्कांचं आहे, तरी नीट वाच.

आधी मुद्द्याचं. प्राचार्य वैजनाथ सरांनी तुझं हॉल तिकीट अडवून ठेवलं आहे. इंग्रजीचा पेपर दहा फेब्रुवारीला. चौकशी समिती शनिवारी, एकतीस तारखेला बसणार. त्याच्या आत तू 'ते पान मीच तक्रारपेटीत टाकलं, माझी चूक झाली' असं लिहून दिलंस तर तिकीट मिळेल, नाहीतर नाही. सर काल मला म्हणाले, "मॅडम, लिहिण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमच्या तासाला पोरं काय वाट्टेल ते लिहोत. पण ते माझ्या पेटीत आलं, म्हणजे ती मला दिलेली धमकी झाली. ज्याने टाकलं त्याने कबूल करायचं."

समितीपुढे तुला प्रश्न विचारतील, तेव्हा गोंधळू नयेस म्हणून सगळा क्रम लिहून देते. सोळा डिसेंबरला मी तुमच्या वर्गाला टोन, म्हणजे लिखाणाचा सूर, शिकवत होते. पत्र एकच, प्राचार्यांना, टोन पाच. विनंतीचा, गाऱ्हाण्याचा, उपरोधाचा, धमकीचा आणि माफीचा. विषय तुम्हीच सुचवलात, कॉलेजची सरकारी तपासणी होईपर्यंत मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाला लावलेलं कुलूप. मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. मग आपल्या वर्गाच्या रीतीप्रमाणे प्रत्येक पानाच्या डोक्यावरची पट्टी, जिच्यावर टोनचं नाव आणि रोल नंबर असतो, ती मी कात्रीने कापली, पानं पत्त्यांसारखी पिसली आणि त्यातली काही वाचून दाखवली. टोन वर्गाने ओळखायचा. तुझ्या धमकीच्या पानाची दोनच वाक्यं वाचली, तर अख्खा वर्ग ओरडला, "थ्रेटनिंग!" टाळ्याही पडल्या. तास संपल्यावर मी पानं परत वाटली. निदान मला तसं आठवतं, आणि सरांनाही मी तसंच सांगितलं.

सतरा तारखेला ते पान पेटीत सापडलं. वर पट्टी नाही, नाव नाही. सरांचं म्हणणं, नाव लपवायलाच ती कापली. मी त्यांना आमची रीत समजावून सांगितली, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आणि अक्षर कुणाचं हे ओळखायला भिंग लागलं नाही. ऑफिससमोरच्या फळ्यावर रोजचा इंग्रजी सुविचार दोन वर्षं तूच लिहीत होतीस ना!

दिशा, तुझी लेखणी धारदार आहे. इंग्रजी साधं, एकही अवघड शब्द नाही, आणि तरी वाचणाऱ्याच्या अंगावर येतं. 'सोमवारपर्यंत कुलूप निघालं नाही तर तपासणीच्या दिवशी आम्ही एकशेचाळीस मुली पाहुण्यांसमोर त्या दारापुढे बसू.' इथवर ठीक. पण पुढे 'पुढच्या वर्षी तुमची मुलगी अकरावीला येईल. ती कुठे जाईल, सर?' रिटॉरिकल प्रश्न, उत्तराची अपेक्षा नसलेला. सरांनी तो मनाला लावून घेतला. बापमाणूस आहेत. लेखणीला धार असावी, पण ती कुणापुढे परजायची याचंही भान असावं.

सोबत माफीनाम्याचा मसुदा पाठवते आहे. माफीचा टोन वाटतो तितका सोपा नसतो. 'कुणाचं मन दुखावलं असेल तर' असं कधी लिहायचं नाही, त्या 'तर'मध्ये सगळी माफी बुडते. मी ते टाळलं आहे. चार ओळी आहेत. तुझ्या अक्षरात उतरव, सही कर आणि मामांबरोबर पाठवून दे. चार ओळींनी वर्ष वाचतंय. ताठ्याने आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

तुझी शिक्षिका,
सुचित्रा मॅडम

बेलापूर,
२० जानेवारी

दिशा,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. आत पत्र नव्हतं. माझाच मसुदा होता, आणि त्यावर तुझा लाल पेन फिरला होता. माझ्यासारख्याच दुहेरी रेघा, माझ्यासारखाच समास. समासात लिहिलेलं, 'टोन : इन्सिन्सिअर.' खाली दहापैकी शून्य.

बत्तिसावा शब्द, मनापासून नसलेलं. टोनच्या नावांच्या, मीच दिलेल्या बासष्ट शब्दांच्या यादीतला. आपलेच दात, आपलेच ओठ, दुसरं काय!

खरं सांगू? मला राग आला. मी तुझ्यासाठी एवढं करते आहे आणि तू मला मार्क देतेस? मी तुझी वैरीण नाही. या कॉलेजात तुझं नाव अजून कोण घेतं? स्टाफरूममध्ये तुझा विषय निघाला की सगळे चहाच्या कपात बघतात. मी एकटीच तुला पत्र लिहिते आहे. एकटीच. हे वाक्य मी दोनदा लिहिलं, म्हणजे रिपिटिशन झालं. कशासाठी करतात रिपिटिशन? जे आपल्यालाच पुरतं पटलेलं नसतं ते ठसवायला. हे मात्र मी वर्गात शिकवलं नव्हतं.

काल तुझी आई कॉलेजात आली होती. चांगुणाताई फाट्यावर एसटीतून उतरून उन्हात चालत आल्या आणि स्टाफरूमच्या बाहेर उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

"म्याडम, माजी पोरगी खोटं बोलत न्हाई. ती म्हंती, पान तिला परत मिळालंच न्हाई. तुमी म्हंता, दिलं. मग दोगीतलं खरं कुनाचं?"

मी म्हटलं, "ताई, साठ मुलं, तीनशे पानं. आठवणीत गफलत होते."

"कुनाच्या?"

मी घड्याळाकडे बघितलं आणि तास आहे म्हणाले. तास नव्हता. मी जिन्यावर जाऊन उभी राहिले, त्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "तिचा बाप म्हनतो, यंदा परीक्षा हुकली तर फुडल्या सालाची वाट कोन बघनार? सोयरीक बघू. म्या त्याला एकतीस तारखंपातुर थांबवलाय."

म्हणजे आता प्रश्न एका वर्षाचा राहिलेला नाही हे मला कळतं. तुलाही कळत असेलच. मग सही का करत नाहीस? 'जे केलंच न्हाई त्याची माफी कशापायी,' असं तू आईला म्हणालीस म्हणे. बाणेदार वाक्य आहे. पण बाणेदारपणावर हॉल तिकीट मिळत नाही.

तू म्हणशील, मॅडमनी छातीठोकपणे उभं राहावं. दिशा, मी इथे नऊ वर्षं शिकवते आहे आणि माझ्या नेमणुकीला अजून सरकारी मान्यता नाही. ती फाईल संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर आहे. ती पुढे गेली तर मी शिक्षिका. नाही गेली तर कुठल्याही सकाळी 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं की संपलं. तपासणी झाली की फाईल पाठवतो, असं अध्यक्षांनी यंदा शब्द देऊन सांगितलं आहे. हे तुला का सांगते आहे मलाच ठाऊक नाही. तुझ्या हॉल तिकिटाशी याचा काय संबंध!

तुला एक माहीत नसेल. कुलूप निघालं. पान सापडलं त्याच्या तिसऱ्याच दिवशी. मुली आता मधल्या सुट्टीत रांगेने जातात. सकाळपासून पाण्याचा घोट न घेता पाच तास बसणाऱ्या मुली, ज्यांच्यात तूही होतीस. नोव्हेंबरात तू त्यापायीच तापाने चार दिवस घरी होतीस हे मला तुझ्या मैत्रिणीने सांगितलं होतं. आता सगळं छान आहे. तुझं नाव मात्र कुणी काढत नाही.

भीमाबाई मावशी, आपल्या शिपाई, या आठवड्यात दोनदा माझ्याशी बोलायला आल्या. काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मी मागच्या जिन्याने ये-जा करते.

पत्र परत वाचलं. यात रागाचा टोन आहे, कीव आहे, धाकही आहे. एकही टोन पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेला नाही. मी तपासलं असतं तर तीन मार्क दिले असते. पण तू सही कर. हात जोडून सांगते, सही कर.

सुचित्रा मॅडम

बेलापूर,
२६ जानेवारी

दिशा,

पान मी टाकलं.

झेंडावंदन करून आले आणि दार लावून बसले आहे. वरचं वाक्य लिहायला मला चाळीस दिवस लागले. आता पुढचं लिहिते, मध्येच उठले तर पुन्हा बसायची नाही.

त्या दिवशी पानं मी परत वाटली नव्हती. घंटा झाली, तुम्ही पळालात, गठ्ठा माझ्याकडेच राहिला. बाकीची पानं मी दुसऱ्या दिवशी दिली आणि गडबडीत कुणी मोजली नाहीत. तू मात्र विचारलंस, "मॅडम, माझं चौथं पान?" मी म्हटलं, "शोध, असेल." ते पान तेव्हा पेटीत होतं.

का टाकलं ते सांगते. दिवाळीनंतर मी सरांना त्या कुलपाबद्दल सहा अर्ज दिले होते, सगळे विनंतीच्या टोनमध्ये. 'कृपया', 'नम्र निवेदन', 'आपण सुज्ञ आहात'. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "तपासणी होऊ द्या मॅडम, फरशी नवी आहे, मुली घाण करतील." सहावा अर्ज तर त्यांनी माझ्यासमोर चहाच्या कपाखाली ठेवला. आणि इथे माझी सतरा वर्षांची विद्यार्थिनी दहा मिनिटांत ते लिहिते जे मला नऊ वर्षांत बोलता आलं नाही. रिकाम्या वर्गात मी ते पान पुन्हा वाचलं. मला तुझा अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. जिन्याखाली पेटी आहे. येता येता घडी घातली आणि सोडून दिलं. वर नाव नाही, पट्टी कापलेली, कोण ओळखणार? ज्या फळ्यावर तू दोन वर्षं लिहिलंस त्याच्यासमोरून मी तेव्हा गेले आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. अक्षर बघायचं कामच माझं, आणि मीच ते विसरले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. पान टेबलावर होतं. "हे तुमच्या वर्गातलं?" मी हो म्हटलं. "मग पेटीत कसं आलं?" तेव्हा एका वाक्यात मिटलं असतं. फार तर सर रागावले असते. पण त्यांच्यामागच्या कपाटात फायली दिसत होत्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "मी पानं परत दिली होती, सर." त्या वाक्यात खोटं बोलल्याचा आवाज जराही नव्हता. इतक्या सहज मी बोलले. मग एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि शेवटी तुला माफीनाम्याचा मसुदा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी चार ओळींत सुबक लिहून पाठवल्या. त्याला तू शून्य दिलंस. बरोबर दिलंस.

आणि भीमाबाई. मी पान टाकलं तेव्हा त्या जिन्याची फरशी पुसत होत्या. मला वाटलं त्यांनी पाहिलं नाही. दहा दिवसांपूर्वी त्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्याडम, म्या पायलंय. म्या कुनाला सांगनार न्हाई. पन पोरगी लई गुनाची हाय वो." मला ती धमकी वाटली. आता ही काय मागणार, याचा मी दिवसभर हिशोब करत होते. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी तोडून बोलले, "काय हवंय तुम्हाला?" त्या पदर डोळ्याला लावून निघून गेल्या. त्यांना काहीच नको होतं. त्या तुझ्यासाठी गयावया करत होत्या, आणि टोन शिकवणाऱ्या बाईला तेवढंही ऐकू आलं नाही. खाई त्याला खवखवे.

तू विचारशील, मग सरांकडे जाऊन सांगत का नाही? बुधवारी गेले होते. आत जाऊन प्रॅक्टिस पेपरच्या झेरॉक्सचं विचारून परत आले. शुक्रवारी पुन्हा गेले, सर फोनवर होते, मला तेवढं निमित्त पुरलं. मी भित्री आहे, दिशा. वर्गात मोठ्याने बोलते म्हणून तुम्हाला तसं वाटत नसेल.

म्हणून हे पत्र. खाली पूर्ण सही केली आहे. शनिवारी समितीपुढे मी बोलणार आहे, असं मी स्वतःला रोज सांगते. पण माझ्या शब्दावर तू विसंबून राहू नकोस. मी कच खाल्ली तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. बिनदिक्कत ठेव, माझा विचार करू नकोस.

माफी मागत नाही. तो टोन माझ्याकडून सध्या कुणालाच खरा वाटायचा नाही, मलासुद्धा.

सुचित्रा वामन देवधर
इंग्रजी विषय शिक्षिका

बेलापूर,
३१ जानेवारी

दिशा,

हॉल तिकीट तुझ्या हातात पडलं आणि तुम्ही मायलेकी लगेच निघालात. आत काय झालं ते तुला नीट कळलं पाहिजे. लोक दहा तऱ्हेने सांगतील. शिवाय मी केलं त्याहून चांगलं कुणी सांगितलं तर ते तू खरं मानू नयेस.

पहिल्यांदा तुला आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, तरी बाहेर बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. सर म्हणाले, "पान तू टाकलंस?" तू नाही म्हणालीस. "मग कुणी टाकलं?" तुझी कापडी पिशवी तुझ्याजवळच होती, पत्र तिच्यात असणार हे मला माहीत होतं. आता ते बाहेर येणार, म्हणजे मी सुटले. खरंच असं वाटलं मला. कुणीतरी दुसऱ्याने माझं तोंड उघडावं, आणि मी फक्त मान खाली घालावी.

तू म्हणालीस, "मॅडमना इचारा, सर."

एवढंच. आणि बाहेर येऊन आईशेजारी बसलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

मग मी आत गेले. आत वैजनाथ सर आणि संस्थेचे अध्यक्ष होते. काल बसून मी एक भाषण तयार केलं होतं. सुरुवातीची तीन वाक्यं 'मी विचारते' या शब्दांनी सुरू होत होती, मध्ये पाण्याविना बसणाऱ्या मुलींचं वर्णन, शेवटी असा प्रश्न की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. तुला आवडलं असतं. त्यातला एक शब्दही आठवला नाही. मी म्हटलं, "पान मी टाकलं."

सरांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. अध्यक्षांना मात्र बरोबर ऐकू आलं होतं. ते खुर्चीत पुढे सरकले आणि इतक्या मायेने बोलले की माझे वडील आठवले. "मॅडम, परीक्षेच्या दिवसांत तुम्हा लोकांवर ताण असतो. तुमची फाईल परवाच काढून बघितली मी. चांगलं काम आहे तुमचं. असं करा, पाच मिनिटं बाहेर बसा, पाणी प्या, आणि मग काय ते नीट आठवून सांगा."

माझ्या बासष्ट शब्दांच्या यादीत या टोनला शब्द नाही. आणि मी उठले, दिशा. हे तुला कळायला हवं म्हणून तर लिहिते आहे. मी खुर्चीवरून उठले, दारापर्यंत गेले आणि कडीला हात घातला. पाच मिनिटांनी परत येऊन काय बोलायचं, ते वाक्यही डोक्यात तयार झालं होतं, 'माझ्या आठवणीत गफलत झाली, सर.' दाराच्या फटीतून तुम्ही दोघी दिसत होतात. तुझी आई तुझ्या वेणीचा सुटलेला पेड घालत होती. तू समोरच्या भिंतीकडे बघत होतीस. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू नुसती वाट बघत होतीस.

मी वळले आणि म्हटलं, "मला नीट आठवतंय. सोळा डिसेंबर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तिने फक्त मी सांगितलेला अभ्यास केला. टाकलं मी, आणि तुमच्याशी खोटंही मीच बोलले. बाहेर भीमाबाई आहेत, त्यांनी बघितलंय, त्यांना बोलवा."

भीमाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "व्हय साहेब, म्याडमनीच टाकला कागद." मग माझ्याकडे वळून, "बरं केलं बाई." त्यांनी मला पहिल्यांदाच बाई म्हटलं, मॅडम नाही.

पुढचं पाऊण तास चाललं, ते तुला नको. मी लेखी दिलं. सरांनी तुझ्या तिकिटावर सही केली. तुझ्या दाखल्यासाठीच्या नोंदीत वर्तणुकीच्या रकान्यात त्यांनी 'समाधानकारक' लिहिलं होतं. ते खोडून 'उत्तम' लिहीपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. मला म्हणाले, सोमवारपासून येऊ नका, पत्र मिळेल. मला वाटलं होतं पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. भूक लागली होती. पुढच्या आठवड्यात खोली सोडून सावेडीला बहिणीकडे जाईन, तिथे क्लासेस पुष्कळ आहेत.

आता फाटकापाशी झालं ते.

चांगुणाताई म्हणाल्या, "म्याडम, खरं बोलल्या, लई उपकार. पन म्हयनाभर माज्या पोरीनं गावाचं बोलनं खाल्लं. बापाचा मार खाल्ला. तवा तुमाला तिची दया आली न्हाई?" मारलं हे मला माहीत नव्हतं. माझ्या पहिल्या पत्राच्या उत्तरात तू तेवढं लिहिलं असतंस तर, असं मनात आलं आणि लगेच स्वतःची शरम वाटली. पुन्हा तुझ्यावरच ढकलत होते. चांगुणाताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की दया येत होती, रोज येत होती, आणि तिच्यापेक्षा मला फाईल जास्त प्रिय होती. हे त्यांना वाचून दाखव.

तुला मी विचारलं, पत्र का दाखवलं नाहीस? तू म्हणालीस, "दाखवलं असतं तर तुमी सापडल्या असत्या, मॅडम. मला तुमी सांगितलेलं पायजे हुतं." तुझ्या हातात तुझं सगळं आयुष्य सोडवणारा कागद होता, आणि तू तो पिशवीत ठेवून माझ्यावर पैज लावलीस. हरली असतीस तर? दाराच्या कडीवर माझा हात होता, दिशा. तू जवळजवळ हरलीच होतीस.

मग मी, न राहवून, अगदी निर्लज्जासारखं विचारलं, "परीक्षा झाल्यावर भेटायला येशील?" एसटी फाट्यावर दिसत होती. तू म्हणालीस, "तुमी शिकिवलेलं इसरनार न्हाई. पन तुमच्याकडं न्हाई यायची आता."

सवयीने मी त्या वाक्यातला टोन शोधायला लागले. राग असता तर मी समजूत काढली असती, रुसवा असता तर वाट बघितली असती. त्यात दोन्ही नव्हतं. तू मला नुसतं सांगितलंस, बसची वेळ सांगावी तसं.

म्हणून हे पत्र शेवटचं. याला उत्तर नको. मंगळवारी दहा तारखेला अकरा वाजता तू पेपर उघडशील तेव्हा मी सावेडीत कुठेतरी पोळी लाटत असेन, आणि मला तुझ्याबद्दल विचारायचा हक्क नसेल.

सुचित्रा